बॉडी तुमची, भिंगं आमची

"ही तिघं येणार असतील तर मी येत नाही," नीला म्हणाली आणि हातातली साडी तिने परत कपाटात ठेवून दिली.

ही तिघं म्हणजे माझी भिंगं. पलंगावर धुतलेली चादर अंथरून मी सगळा संसार मांडला होता. निकॉन कॅमेऱ्याच्या दोन बॉड्या, फ्लॅश, ट्रायपॉड, रोलांच्या डब्या आणि मधोमध ती तिघं. पन्नास मिलिमीटरचं रोजच्या वापराचं, अठ्ठावीसचं समुद्र आणि आभाळ एका घासात घेणारं, आणि एकशेपाचचं, ज्याच्यासमोर माणूस बसला की गालावरचा चुकलेला खुंटसुद्धा लपत नाही. रत्नागिरीच्या शाळेत उभा जन्म पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे लेन्सला मी भिंगच म्हणतो. लोक हसतात, हसोत बापडे.

"तीन भिंगांचं असं वजन तरी किती?" मी म्हणालो.

"वजनाचं म्हणतंय कोण? महाबळेश्वरला तुम्ही भिंग बदलेपर्यंत ढग आले. हंपीला भिंग बदलेपर्यंत बस गेली. बसचं एक ठीक आहे, मागून दुसरी येते. बोट सुटली तर पोहत येणार आहात?"

"अगं, आपण बोटीतच असणार ना?"

"आणि बोटीतली खोली केवढी, ठाऊक आहे? केतकी म्हणाली, आपल्या न्हाणीघराएवढी. तिच्यात मी राहू की तुमचा ट्रायपॉड?"

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देण्यात अर्थ नव्हता. मी एक बॉडी कमी केली.

तेव्हा डिजिटल कॅमेरे नुकते घरोघरी शिरायला लागले होते. आमचे जावई पराग म्हणाले होते, "बाबा, माझा घेऊन जा. खिशात बसतो." मी त्यांना सांगितलं, खिशात रुमाल ठेवायचा असतो. पण सहलीची तिकिटं त्यांनीच काढली होती, त्यामुळे जास्त बोलता येईना. मुंबईहून निघून लक्षद्वीपला जाऊन परत येणारी मोठी पर्यटनाची बोट. तिकिटं चार होती. दोन आमची आणि दोन नागपूरच्या व्याह्यांची. खरी मेख तिथे होती.

व्याही म्हणजे विनायकराव पांढरीपांडे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात इंजिनिअर होते, निवृत्तीनंतर नागपूरला आले. उंच, ताठ, मिशीला रोज कात्री लावणारे गृहस्थ. गेलं वर्षभर ते आमच्याशी बोलत नव्हते, आणि त्याला कारण एक रोल.

आमच्या मुलीचं, केतकीचं, लग्न रत्नागिरीला झालं. फोटो काढायला मी आमच्या नाक्यावरचा वसंत भाटकर ठरवला आणि "कोकणात असा हात नाही" असं व्याह्यांना चारचारदा सांगितलं. वसंताचा हात होता, पण त्या दिवशी एका रोलचं टोक चक्राच्या खाचेत अडकलं नाही. असं झालं की रोल आत जागचा हलत नाही. कॅमेरा मात्र इमानेइतबारे आकडे पुढे सरकवत राहतो आणि काढणाऱ्याला वाटतं, काम चाललंय. त्या रोलात नेमकं सीमांतपूजन आणि नागपूरकरांचा सगळा गट होता. अल्बम आला तो आमच्या आत्या, मावश्या, शेजारी आणि मुख्याध्यापक यांनी गच्च भरलेला. नागपूरचं एक माणूस औषधाला नाही. आमच्याकडे पूजेला आलेल्या विनायकरावांनी अल्बम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिला, मिटला, आणि म्हणाले, "छान आहे. फक्त नवरदेव अनाथ दिसून राहिला."

त्यानंतर ते गप्प झाले. दिवाळीला फोन नाही, संक्रांतीला तिळगूळ नाही. मी आपला मुलीचा बाप, मान खाली घालून बसलो. मनात मात्र म्हणायचो, एका फोटोपायी एवढा मानपान? आमच्या शाळेत पोरं प्रयोगशाळा पेटवायची, तरी मी आठवड्याने हसायचो.

मग केतकीला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली पूर्वापार रीत. नीलाने खारकांची पूड करायलाही घेतली. आणि नागपूरहून निरोप आला की इकडे दवाखाने मोठे आहेत, रत्नागिरीपर्यंत कशाला धाडायचं? केतकीने फोनवर नुसतं "बरं" म्हटलं. रात्री आईजवळ मात्र ती रडली. "मला तुझ्याकडेच यायचंय गं. पण भांडून नको. त्यांच्या तोंडून आलं पाहिजे." तिने आणि परागनी मिळून ही सहल काढली ती त्याचसाठी. रुसलेला माणूस हॉलमधून उठून जातो, जेवणातून उठून जातो; बोटीवरून कुठे जाणार?

तेवढ्यात फोन वाजला. नीलाने तो उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हरवर हात ठेवून डोळे विस्फारले. "नागपूर!"

"काय आठल्ये, काय करून राहिले?" वर्षभरानंतर तो आवाज ऐकला आणि मी नकळत पलंगावरून उठून उभा राहिलो.

"काही नाही, आपलं कॅमेऱ्याचं आवरतोय."

"त्यासाठीच फोन केला. मी म्हटलं, सगळं ओझं मुलीकडच्यांनीच काहून वाहायचं? आमच्याकडे भिंगं पडली आहेत ना. भिलाईला होतो तेव्हा एका रशियन साहेबानं मायदेशी जाताना दिली. कॅमेरा केव्हाच बिघडला, पण भिंगं अशी आहेत की पाहत राहाल. तर असं करा. बॉडी तुमची, भिंगं आमची."

मी लेन्सला भिंग म्हणतो हे त्या माणसाने लक्षात ठेवलं होतं. वर्षभर गाल फुगवून बसलेला माणूस आपला शब्द वापरतो म्हटल्यावर मला खरंच भरून आलं. तरी जातीचा मास्तर, तोंड उघडलंच. "पण ती कोणत्या बनाव—"

नीला समोरून मान आणि दोन्ही हात हलवत होती. रूळ ओलांडणाऱ्या म्हशीला हाकलतात तसे.

"—बनावटीची असली तरी उत्तमच असणार!" मी वाक्य कसंबसं वळवलं.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "अगं, प्रत्येक भिंग प्रत्येक कॅमेऱ्याला बसत नाही. विचारायला नको?"

"वर्षाने तो माणूस आपणहून काहीतरी आणतो म्हणतोय. त्याला विचारणार, बसेल ना हो? उद्या विचाराल, पुसून आणताय ना?"

"आणि नाही बसलं तर?"

"बसवून घ्यायचं. लग्न झाल्यावर मी घेतलं तसं."

रशियात निकॉनला बसणारी भिंगंही तयार होत असत, हे मी कुठेतरी वाचलं होतं. आशेला तेवढं पुरतं. मी माझ्या तिघांना डब्यात घालून कपाटात ठेवलं आणि रोलांकडे वळलो. पण निघायच्या सकाळी धीर सुटला. पन्नासचं भिंग मी हळूच एका लोकरी मोज्यात कोंबलं आणि मोजा बॅगेच्या तळाशी सारला.

नीलाचा हात बॅगेत गेला आणि बरोबर तोच मोजा घेऊन वर आला. "लक्षद्वीपला लोकरी मोजे?"

"एसी असतो म्हणतात."

"एकाच पायाला?" तिने मोजा उलटा केला. भिंग तिच्या तळहातावर आलं. "व्याह्यांना हे दिसलं तर काय म्हणतील? आमच्यावर भरवसा नव्हता, म्हणून चोरून आणलं. अहो, केतकीचं बाळ अडकलंय या मोज्यात, कळतंय का तुम्हाला?"

भिंग कपाटात गेलं. एक बॉडी, पिशवीभर रोल आणि फ्लॅश घेऊन मी मुंबईला निघालो. म्हणजे चष्म्याची नुसती काडी घेऊन निघालो होतो आणि काचा नागपूरहून येणार होत्या.

धक्क्यावर विनायकराव आधीच येऊन उभे होते. अंगात सफारी, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेली चामड्याची पेटी. नमस्काराला हात मोकळे नव्हते म्हणून त्यांनी नुसती मान लववली. शेजारी विहीणबाई, कुमुदताई. गोल, हसऱ्या, आणि पहिल्याच वाक्याला त्यांनी पुडाच्या वडीचा डबा नीलाच्या हातात दिला. "खाऊन घ्या बाप्पा, बोटीवर काय मिळते कोणास ठाऊक."

तपासणीच्या यंत्रापाशी मी रोलांची पिशवी काढली आणि सुरक्षारक्षकाला विनवणी केली की ही आत घालू नका, रोलांवर परिणाम होतो. तो ऐकेना. तेव्हा मागून विनायकराव पुढे झाले. "साहेब, यात आमचे फोटो यायचे आहेत. आल्यावर जाळा. आधीच काहून जाळता?" त्याने हसून पिशवी हाताने तपासली. मी आभार मानले. ते म्हणाले, "फोटोच्या बाबतीत आम्ही एकदा पोळलेले आहोत ना." आणि ताठ मानेने पुढे चालू लागले. घासात खडा लागावा तसं झालं, पण मी गिळला.

बोट सुटली. वरच्या डेकवर वारा, ऊन, लोकांची झुंबड. कुमुदताई आणि नीला कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, विनायकराव त्यांच्या मधोमध. "हं, आठल्ये! मुंबई दिसते आहे तोवर एक घेऊन टाका." त्यांनी पेटी उघडली. आत जुन्या रेशमी साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली तीन भिंगं. त्यांनी मधलं काढून असं हातात दिलं, जसा काही तीर्थाचा गडूच.

काच सुरेख होती. मी भिंग उलटं केलं आणि मागची कड पाहिली.

आटे. बाटलीच्या तोंडाला असतात तसे गोल गोल आटे. म्हणजे हे भिंग फिरकीचं, स्क्रूसारखं पिळून बसवायचं. माझ्या कॅमेऱ्याच्या तोंडाला आटे नव्हतेच. तिथे होत्या खाचा, ज्यात भिंग घालून जरा फिरवलं की खट्कन बसतं. दुसरं भिंग पाहिलं. आटे. तिसरं. आटे. कानात वारा घोंघावत होता आणि मला मात्र केतकीचं "बरं" ऐकू येत होतं.

"बसलं का जी?" विनायकरावांनी विचारलं.

आता सांगायचं काय? वर्षाने या माणसाने सलोख्यासाठी हात पुढे केला होता, आणि त्या हातात त्याच्याजवळचं सगळ्यांत मोलाचं होतं. तुमची भिंगं निरुपयोगी आहेत, असं त्याच्या बायकोसमोर सांगायचं? बाळंतपण तिथल्या तिथे नागपूरला गेलं असतं.

"बसतंय," मी म्हणालो. "जरा वेळ घेतंय."

"घेणारच," कुमुदताई समजुतीने म्हणाल्या. "नव्या घरी आलंय."

मी डाव्या हाताच्या मुठीत भिंग धरलं, कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडाशी दाबलं, आणि उजव्या हाताने खटका दाबला. आवाज झाला. सगळे हसरे चेहरे सैल पडले. "आला!" विनायकराव म्हणाले.

आला कसला! भिंग नुसतं हाताने धरलं की कडेच्या फटीतून ऊन आत शिरतं, आणि रोलवर उन्हाशिवाय काही उरत नाही. पाचवीच्या पोराला कळेल इतकं साधं शास्त्र.

खोलीत आल्यावर मी नीलाला सगळं सांगितलं. ती पलंगाच्या कडेवर बसली. बसायला दुसरी जागाही नव्हती.

"एकही येणार नाही?"

"सगळे पांढरेफटक."

"मग काढताय कशाला?"

"बाळासाठी!"

मग तिच्या चेहऱ्यावर तो भाव आला, जो भाजीवालीशी घासाघीस करताना येतो. "मग काढत राहा. त्यांच्या तोंडून 'घेऊन जा' येईपर्यंत काढा. धुऊन यायला वेळ लागतो, तोवर केतकी आपल्या घरी असेल. पुढचं पुढे."

"नीला, ही फसवणूक आहे."

"आणि मोज्यात भिंग लपवत होतात ते काय होतं?"

तेव्हा मी काढत राहिलो. आणि विनायकराव, जे वर्षभर आमच्याशी बोलले नव्हते, ते आता फोटोसाठी असे तयार झाले की विचारता सोय नाही. त्यांचा आणि कुमुदताईंचा. त्यांचा एकट्याचा, समुद्राकडे पाहताना. त्यांचा पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्याबरोबर, जो बिचारा कुठेतरी घाईने निघाला होता. "या वेळी आमच्या बाजूचे जरा जास्त येऊ द्या," ते म्हणायचे आणि सफारीची कॉलर नीट करायचे. हाताने धरलेल्या त्या भिंगातून लांबचं काहीच दिसायचं नाही, जवळचं तेवढं अंधूक दिसायचं. निदान आपल्याला कुणाचा फोटो काढतोय हे कळावं म्हणून मी पुढे पुढे सरकायचो. एकदा तर त्यांच्या मिशीपर्यंत पोहोचलो.

"इतक्या जवळून?" त्यांनी विचारलं.

"चेहऱ्यावरचा भाव यायला हवा ना."

"एक हात नेहमी भिंगाला लावावाच लागतो का जी?"

"बोट हलते. आधार दिलेला बरा."

"हात दुखत असेल."

"छे छे. सवय आहे."

लक्षद्वीपच्या बेटावर तर कहर झाला. पांढरी वाळू, वरून ऊन, खालून ऊन. माझा डावा हात खांद्यापर्यंत भाजून निघाला. विनायकराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले, नागपूरचा माणूस, समुद्राला पाय लावताना लाजत होता. खरंच सुंदर फोटो होता तो. माझं एकशेपाचचं रत्नागिरीच्या कपाटात झोपलं होतं आणि माझ्या मुठीत रशिया होता. मी भिंग दाबून धरलं, खटका दाबला आणि मनात त्या साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या. रोल संपला की दुसरा घालत होतो, अगदी टोक खाचेत अडकलंय ना हे दोनदा तपासून. हा मूर्खपणा कशासाठी, हे माझं मलाही सांगता आलं नसतं.

परतीच्या प्रवासात दुपारी मी डेकवरच्या खुर्चीत पडलो होतो. नीला आली. चेहरा नेहमीचा नव्हता.

"कुमुदताईंनी एक सांगितलं," ती म्हणाली. "त्या गेलेल्या रोलात त्यांच्या सासूबाई होत्या."

विनायकरावांच्या आई लग्नानंतर चार-सहा महिन्यांनी गेल्या. आम्ही तेराव्याला नागपूरला जाऊन आलो होतो, तेव्हाही ते आमच्याशी चकार शब्द बोलले नव्हते.

"बरं, मग?"

"त्यांनी जन्मात कधी फोटो काढून घेतला नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं मानायच्या. परागच्या लग्नात मात्र आपणहून म्हणाल्या, नातसुनेबरोबर काढा, मला मधे बसवा. तो एकच फोटो होता हो त्यांचा, पुन्हा काही केल्या बसल्या नाहीत."

मला तेराव्याचा पाट आठवला. फुलं वाहिली होती, उदबत्ती होती, आणि फोटोच्या जागी जपमाळ ठेवलेली. तेव्हा मला वाटलं होतं, विदर्भात अशीच पद्धत असेल.

"पण ते बोलले का नाहीत? आम्ही समजलो मानपान!"

"मीही तेच विचारलं. तर कुमुदताई म्हणाल्या, मुलाकडच्यांना रुसणं शोभतं, रडणं शोभत नाही. म्हणून ते रुसले."

नीला खाली पाहून पदराचं टोक चोळत बसली. मला त्या माणसाबद्दल वर्षभर मनात म्हटलेलं सगळं आठवलं आणि लाज वाटली. आणि वर आता मी त्यालाच पुन्हा पांढरे रोल देणार होतो. डबीभर नाही, पिशवीभर.

संध्याकाळी चहाला चौघं डेकवर गोल टेबलाशी बसलो. पेटी विनायकरावांच्या मांडीवर, कॅमेरा माझ्या पुढ्यात. वारा पडला होता. विनायकरावांनी बिस्कीट चहात बुडवलं, खाल्लं, मिशी पुसली.

"तर आठल्ये, केतकीचं काय ठरवून राहिले?"

नीलाचा कप बशीवर वाजला.

"आम्ही काय ठरवणार? तुम्ही म्हणाल तसं."

"मी म्हणून राहिलो, येऊ द्या तिला तुमच्याकडे. सातव्यात नागपूरला डोहाळजेवण करतो, मग घेऊन जा. आईजवळ पोर बरी राहते." ते थांबले आणि थेट माझ्याकडे पाहिलं. "फक्त एक सांगा. या वेळी आमची मंडळी फोटोत येतील ना?"

टेबलाखाली नीलाचा पाय माझ्या पायावर आला. साधा आला नाही, पूर्ण वजनानिशी आला. मला फक्त "हो" म्हणायचं होतं. एका अक्षरात मुलगी घरी येत होती. समोर तो ताठ माणूस, त्याची कातरलेली मिशी, आणि डोळ्यांसमोर तो पाट, त्यावरची जपमाळ.

"नाही," मी म्हणालो.

"काय म्हणाले?"

"येणार नाहीत. एकही येणार नाही. तुमची भिंगं आट्यांची आहेत, माझा कॅमेरा खाचांचा. बसतच नाहीत. पहिल्या दिवसापासून मी ती हाताने धरून नुसता आवाज काढतोय. माझ्याच्याने आता होत नाही, व्याही. तुम्हाला मी पुन्हा फसवणार नाही. केतकीचं तुम्ही ठरवाल तसं होईल."

नीलाने पाय काढून घेतला. तिचे डोळे भरले होते, रागाने की कशाने ते मला पाहवेना. विनायकराव हलले नाहीत. पेटीवर त्यांची बोटं तेवढी सावकाश वाजत होती. मनात आलं, संपलं. केतकीला फोन करून काय सांगायचं, याची मी जुळवाजुळवही करायला लागलो.

"सांगा आता," कुमुदताई नवऱ्याला म्हणाल्या. "किती छळाल त्यांना?"

विनायकरावांची मिशी थरथरली आणि मग तो माणूस हसायला लागला. आवाज नाही, नुसते खांदे. "आठल्ये, लोखंडाच्या कारखान्यात मी उमर घालवली. आटा कोणता आणि खाच कोणती, हे मला कळत नसेल काय?"

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच फोटोला. तुम्ही भिंग उलटं केलं आणि तुमचा चेहरा जो उतरला, मी म्हटलं, गेलं बाप्पा! विचारायचंच राहिलं."

"मग बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच. "माझा हात भाजला तिकडे!"

"काय बोलणार? भिंगं माझी होती. मी वाट पाहून राहिलो होतो की तुम्ही केव्हा म्हणता, व्याही, चूक तुमची आहे. मुंबईला म्हणाले नाही. बेटावर चामडी सोलली तरी म्हणाले नाही." त्यांचं हसू ओसरलं. ते पेटीकडे पाहत राहिले. "मी एका रोलसाठी वर्षभर तुम्हाला बोलून राहिलो. न बोलता बोलून राहिलो. तुमच्या त्या भाटकरनं तरी मुद्दाम थोडंच केलं होतं?"

"तुमच्या आईंचं मला आज कळलं," मी म्हणालो. "आधी कळलं असतं तर..."

"तर काय, फोटो आला असता?" ते म्हणाले, पण आवाज मऊ होता. "असू द्या. आज तुम्ही 'हो' म्हणू शकत होते. पोर हातात आली होती तुमच्या. रोल धुवायला दिल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं."

नीला समुद्राकडे पाहायला लागली. फार लक्षपूर्वक.

"घेऊन जा केतकीला," विनायकराव म्हणाले. "मला काही काळजी नाही."

मी त्यांचा हात धरला, भाजलेल्याच हाताने, आणि कळ लागली तरी सोडला नाही. कुमुदताईंनी डोळे पुसले. नीलाने उघड उघड पुसले. विनायकरावांना ते सगळं फारच झालं असावं, कारण ते खाकरले आणि म्हणाले, "चला. आता एक फोटो काढा. चौघांचा."

"अहो, पण येणार—"

"येणार नाही, माहीत आहे ना. मग भिंग काहून धरता? हात मोकळा करा आणि तुम्हीही इकडे या."

मी दोन कप उपडे घालून त्यांवर कॅमेरा ठेवला, पुढचं उघडं भोक आमच्याकडे करून, आणि आपोआप फोटो निघायची कळ फिरवली. ती कुरकुर वाजायला लागली. मी धावत जाऊन विनायकरावांच्या शेजारी बसलो. त्यांनी कॉलर नीट केली. नीलाने पदर सावरला. आम्ही चौघं त्या बिनभिंगाच्या भोकाकडे पाहत ताठ बसलो आणि हसलो. खट्कन आवाज झाला.

"थांबा जी," कुमुदताई म्हणाल्या. "माझे डोळे मिटले. पुन्हा काढा."

मी उठलो, रोल पुढे सरकवला आणि पुन्हा काढला.